अकरा महिन्यांची खोली

कारेगाव म्हटलं की पुण्यातले लोक कोरेगाव ऐकतात आणि विचारतात, ‘पार्क की भीमा?’ दोन्ही नाही. आमचं कारेगाव शिरूर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगाव गणपतीला लागून. अष्टविनायकाच्या गाड्या महागणपतीचं दर्शन घेऊन पुढच्या गणपतीला निघतात, त्यांना हे गाव दिसतही नाही. एमआयडीसीत काम करणाऱ्याला मात्र ते गल्लीसकट पाठ असतं. एलजी, व्हर्लपूल, फियाट ही नावं तुम्ही शोरूममध्ये वाचता. ती वस्तू जोडणारे, तपासणारे, पॅक करणारे हात संध्याकाळी जिथे झोपायला जातात त्या जागांपैकी एक म्हणजे हे गाव.

मी इथे साडेतीन वर्षं भाड्याने राहते. धाराशिव जिल्ह्यातून डिप्लोमा करून आले, एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमची खोली वन आरके, तिघींत. चार मजली इमारत, मजल्यावर चार खोल्या, म्हणजे एकूण सोळा. लिफ्ट नाही, आणि त्याची तक्रारही नाही. तक्रार आहे ती भिंतीतून उतरणाऱ्या ओलीची, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीची, जिन्यातल्या लोंबत्या वायरींची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ही तक्रार करायची कुणाकडे याची. मालक काका गावातच राहतात. कारभार त्यांचा मुलगा बघतो, त्याला सगळे दादा म्हणतात. दादांनी इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. महिन्याच्या एक तारखेला भाड्याची आठवण येते, तीन तारखेला क्यूआर कोड, पाच तारखेला ‘ज्यांचे बाकी आहे त्यांनी समजून घ्यावे.’ आम्हाला त्यावर अंगठासुद्धा दाखवता येत नाही.

एकदा कॅन्टीनमध्ये आमच्या सुपरवायझर सरांपुढे हे बोलले. सर मुंबईचे, गिरगावात वाढलेले. ते म्हणाले, ‘तुमचं बरंय. आमच्याकडे भाडंच गोठवलं होतं, म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली आणि इमारती पडल्या. तुमच्याकडे तर भाडं वाढतंय, मग दुरुस्ती होईलच की.’

होत नाही, हे मला रोज दिसत होतं. भाडं गोठलं की दुरुस्ती थांबते हे खरं असेल, तर दरवर्षी भाडं वाढणाऱ्या कारेगावात ती का थांबली आहे? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मोबाईलवर जुने कायदे वाचायला लागले. नाइट शिफ्टच्या सुट्टीत माणूस काहीही वाचतो.

गोष्ट प्लेगपासून सुरू करावी लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. गिरण्यांमुळे शहरात माणसं आधीच कोंबलेली होती. चाळ बांधायची ती जागेच्या इंच इंच हिशेबाने, आणि उजेड-वारा हा हिशेबात धरायचा नाही, अशी पद्धत. प्लेगने सरकारला पहिल्यांदा गरिबाच्या खोलीत डोकावायला लावलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. पाडणं जास्त, बांधणं कमी. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेले, आणि तिथलं भाडं वाढलं.

याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत आंबेडकर कुटुंबाने अनेक वर्षं काढली. पुढे दादरला राजगृह बांधून होईपर्यंत बाबासाहेबांचा पत्ता तोच होता. पण भाड्याच्या जागेचा विषय निघाला की मला त्यांची परळची खोली आठवत नाही, बडोदा आठवतं. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे लिहून ठेवलंय. कोलंबियात शिकलेला माणूस, खिशात भाड्याचे पैसे, आणि तरी खोली नाही. कारेगावात खोली बघायला गेलं की भाडं सांगायच्या आधी ‘आडनाव काय?’ विचारतात. विचारण्याची पद्धत प्रेमळ असते, पाण्याचा तांब्या पुढे करूनच विचारतात. पुढचा प्रश्न ‘नॉनव्हेज करता का?’ आम्हा मुलींना तिसरा प्रश्नही असतो, आणि तो आम्हाला विचारत नाहीत. मालकीण काकू थेट गावाकडे आईला फोन लावतात.

असो. पहिलं महायुद्ध आलं आणि भाडेकरूंच्या इतिहासाला एक वेगळंच वळण लागलं, तेही आपल्यापासून हजारो मैलांवर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जहाजांचे आणि दारूगोळ्याचे कारखाने जोरात सुरू झाले. बाहेरून कामगार आले, खोल्या कमी पडल्या, मालकांनी भाडी वाढवली. पुरुष एकतर युद्धावर नाहीतर कारखान्यात. घरी बायका. १९१५ मध्ये मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या बायकांनी वाढीव भाडं द्यायचं बंद केलं. खोली खाली करायला बेलीफ आला की घंटा वाजायची, आणि अख्खी गल्ली पीठ आणि ओली धुणी घेऊन त्याच्या अंगावर जायची. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार घरांनी भाडं अडवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटने भाडं गोठवणारा कायदा केला. त्याच्या नावातच ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ असे शब्द होते.

आता मुंबईचा पहिला भाडे कायदा बघा. साल १९१८. नाव, बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) ॲक्ट. कायदे करणाऱ्या साहेबाने तोच साचा उचलून इकडे आणला, हे नावावरूनच कळतं. ग्लासगोच्या त्या बायकांना लालबाग-परळ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि परळच्या बायकांना ग्लासगो. तरी एकीकडच्या पिठाचा उपयोग दुसरीकडे झाला. मला या इतिहासातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो आणि शाळेत तो कुणी सांगितला नाही याचा थोडा रागही येतो.

युद्ध संपल्यावर मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी खोल्यांच्या टंचाईवर मोठा उपाय काढला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. ५० हजार खोल्या बांधायच्या, त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर लावायचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे १६ हजार. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आणि गंमत म्हणजे शहरात जागेची इतकी टंचाई असताना विसाच्या दशकात यातल्या हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या. सिमेंटच्या उदास खोल्या, गिरणीपासून लांब, पाण्याचे हाल, आणि गिरणी कामगाराच्या पगाराला न झेपणारं भाडं. सरकारने कामगारांसाठी घरं बांधली, पण कामगाराला घर कसं लागतं हे विचारलं नाही.

मग कामगार कुठे राहायचा? कोकणातला आणि घाटावरचा गडी आपल्या गावच्या खोलीवर जायचा. गावातल्या माणसांनी मिळून घेतलेली एक खोली, भिंतीवर खुंट्या, खुंटीला पेटी किंवा वळकटी. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा. जेवायला बाईची खानावळ. आमच्या खालच्या मजल्यावर ओडिशाची सात मुलं एका खोलीत राहतात. त्यांचंही तीन शिफ्टचं गणित बरोबर असंच आहे, फक्त पेटीच्या जागी ट्रॉली बॅग आणि खानावळीच्या जागी डबा. शंभर वर्षांत झोपण्याच्या पद्धतीत काहीच फरक पडला नाही.

आता आमच्या सरांच्या गिरगावावर येते.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई, पुन्हा निर्बंध, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला ज्या खोलीचं जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’ ठरलं. भाडं देत राहणाऱ्या भाडेकरूला सहजी काढता येणार नाही, हेही ठरलं. कायदा थोड्या काळासाठी होता. मुदत संपत आली की वाढ, संपत आली की वाढ, असं करत तो पन्नास वर्षांहून जास्त टिकला. पाच रुपये, दहा रुपये, पंधरा रुपये अशा भाड्यावर माणसांच्या तीन पिढ्या नांदल्या. मालकाच्या हाती महिन्याला येणाऱ्या रकमेत गवंडी एक दिवसही आला नसता. खोली हातोहात जायची ती पागडीवर. कायद्याने ती गुन्हा होती आणि व्यवहारात सगळ्यांना मान्य होती.

इमारती पडायला लागल्या. पावसाळ्यात मुंबईत घर कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या नेमाने येऊ लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं. मुंबई शहर भागातल्या १९ हजार ६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची असं ठरलं. मालक करत नाही, भाडेकरूला परवडत नाही, म्हणून राज्य मधे पडलं. पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडा उभं राहिलं आणि हे काम तिकडे गेलं. टेकूवर उभ्या इमारती आजही आहेतच, तरीही दुरुस्ती ही कुणाची तरी सार्वजनिक जबाबदारी आहे हे निदान मान्य झालं होतं.

इथपर्यंत आमच्या सरांचं म्हणणं बरोबर. भाडं गोठलं आणि दुरुस्ती मेली. पण या हकिकतीतला एक धागा सरांच्या बोलण्यात आला नव्हता, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

१९४७ च्या कायद्यातून सुटायला मालकांनी एक पळवाट शोधली होती. खोली ‘भाड्याने’ द्यायचीच नाही, ‘वापरायची परवानगी’ द्यायची. लिव्ह अँड लायसन्स. हा शब्द भाडे कायद्यातला नव्हेच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्या आहे, आणि साध्या भाषेत ती अशी की दुसऱ्याच्या जागेत काही करायची परवानगी, ज्यात जागेवर कसलाही हक्क येत नाही. भाडेकरूला संरक्षण होतं, लायसन्सीला नव्हतं. ही पळवाट इतकी रुंद झाली की १९७३ मध्ये राज्य सरकारने एका दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत राहणाऱ्या लायसन्सींना थेट भाडेकरू करून टाकलं. एका रात्रीत. त्या दिवशी जे आत होते ते तरले. आणि ज्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या त्या मालकांनी त्यातून धडा घेतला, की माणूस आत मुरू द्यायचा नाही.

अकरा महिने त्यातूनच पक्के झाले, असं मला वाटतं. अकराच का, याचं एक कोरडं कारणही आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, त्यामुळे एक महिना कमी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, अकरा महिन्यांचा करारही नोंदवणं सक्तीचं केलं. न नोंदवल्यास जबाबदार मालक. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकराचं मूळ कारण गेलं, पण आकडा राहिला. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून पिंपरीला, आणि तिथून एमआयडीसीच्या रस्त्याने आमच्या कारेगावात आला.

१९९९ चा कायदा येण्याचं एक कारण न्यायालय होतं. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९४० चं भाडं अजून धरून बसणं आता अवाजवी आणि मनमानी झालंय. मग नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आली, पागडी कायदेशीर झाली. भाडेकरूच्या बाजूची काही चांगली कलमंही आहेत. चौदावं कलम म्हणतं, जागा नीट राखणं ही मालकाची जबाबदारी, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. एकोणतिसावं म्हणतं, पाणी-वीज तोडायची नाही. एकतिसावं म्हणतं, पैसे घेतले की पावती द्यायची. मी ही कलमं पहिल्यांदा वाचली तेव्हा रूममेटला झोपेतून उठवून वाचून दाखवली होती. ती म्हणाली, हे कुठल्या देशातलं आहे?

तिचा प्रश्न थट्टेचा होता तरी नेमका होता. हा कायदा राज्यभर प्रत्येक गावाला सरसकट लागू होत नाही. त्याला जोडलेल्या परिशिष्टांतल्या ठिकाणांसाठी तो आहे, आणि तो लिहिताना डोळ्यांपुढे शहर होतं, चाळ होती, वाडा होता. शेताच्या बांधावर एका रात्रीत उभी राहणारी खोल्यांची लाईन त्या डोळ्यांपुढे नव्हती. शिवाय बरीचशी संरक्षणं भाडेकरूला आहेत. लायसन्सीबद्दल हाच कायदा सांगतो की मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट दराने पैसे भरायचे.

तर माझं उत्तर असं. मुंबईत दुरुस्ती थांबली कारण भाडेकरू हलवता येत नव्हता. आमच्याकडे ती होत नाही कारण भाडेकरू टिकतच नाही. ओल आलेल्या भिंतीचा त्रास व्हायला लागेपर्यंत करार संपतो, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपतं. पुढची बॅच कॅम्पस इंटरव्ह्यूमधून जूनमध्ये येतेच. दादा भिंत दुरुस्त करत नाहीत, भिंतीला रंग देतात, आणि रंगाचे पैसे जाणाऱ्याच्या डिपॉझिटमधून कापतात. येणाऱ्याला भिंत कोरी दिसते. पहिला पावसाळा येईपर्यंत.

काकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालेलं महामंडळ, कलम ३२ च्या नोटिसा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात पडणारा एमआयडीसीचा शिक्का, हे सगळं शिरूरच्या या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी अंगावर झेललंय. काकांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली. आलेल्या पैशातून बहिणींचे वाटे, एक ट्रॅक्टर, मुलीचं लग्न, आणि उरलेल्या तुकड्यावर पतसंस्थेच्या कर्जाने ही इमारत. इंजिनिअर नाही, गावातल्याच मिस्त्रीने बांधलेली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद आहे, घरपट्टी भरतात. काका आजही पहाटे उठून गोठ्यात जातात, तिथे आता एकच म्हैस आहे. ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या माणसाला सोळा बिऱ्हाडांचं प्लंबिंग सांभाळायचं प्रशिक्षण कुणी दिलं? एकदा ते मला म्हणाले होते, ‘ताई, तुम्ही कलम दाखवता. आमची जमीन गेली तेव्हा आम्हाला कलम वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

खरं तर सोळा बिऱ्हाडांची जबाबदारी एकट्या काकांच्या गळ्यात पडायलाच नको होती. १९५२ मध्ये केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना होती, त्यातून राज्याच्या गृहनिर्माण मंडळांनी वसाहती बांधल्या. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर स्पष्ट लिहिलं होतं की बाहेरच्या राज्यातून आणलेल्या कामगाराची राहण्याची योग्य सोय ठेकेदाराने करायची. खालच्या मजल्यावरच्या ओडिशाच्या मुलांना मी हे सांगितलं, तर त्यांनी ठेकेदाराने केलेली सोय दाखवली. त्याने एजंटचा नंबर पाठवला होता. कारखान्याला जमीन, रस्ता, पाणी, वीज लागते हे आराखड्यात असतं. कारखान्यात येणारा माणूस आठ तासांनंतर कुठे जातो, हे मात्र गावावर सोडून दिलेलं असतं.

२०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की घरमालकांनी कामगारांकडून एक महिन्याचं भाडं मागू नये. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायच्या सूचना दिल्या. तरी लोक चालत निघाले. मी तेव्हा डिप्लोमाला होते आणि हे टीव्हीवर बघत होते. पोट हे कारण होतंच. पण ज्या खोलीत आपला अकरा महिन्यांपलीकडे काही संबंध नाही, तिथे संकटात थांबायचं कशाच्या जोरावर, हेही असणार. त्यानंतर जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आणली. जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याला धार नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या इमारतीची मोटर जळली. टाकी रिकामी. ग्रुपवर दादांचा मेसेज आला, ‘काम चालू आहे, सहकार्य करावे.’ काम चालू नव्हतं. दोन दिवस जार आणून प्यायलो, अंघोळीला कंपनीतलं वॉशरूम. सोळा खोल्यांतली माणसं पहिल्यांदा गच्चीवर एकत्र आली, तीही रिकाम्या टाकीभोवती. ग्रुपमध्ये बोलता येत नव्हतं म्हणून दुसरा ग्रुप काढला. नावावरून अर्धा तास वाद झाला आणि शेवटी नाव ‘टाकी’ ठेवलं.

मी करार काढून वाचला. त्यात एक ओळ होती, पाण्याची सोय मालकाकडे. आम्ही त्या एका ओळीवर उभं राहायचं ठरवलं. कागदावर अर्ज लिहिला, मराठीत आणि हिंदीत, खाली सोळा खोल्यांच्या सह्या. अठ्ठेचाळीस तासांत मोटर सुरू झाली नाही तर आम्ही करून घेऊ आणि खर्च भाड्यातून वळता करू. एक प्रत काकांच्या हातात, एक पोस्टाने रजिस्टर. दोनशे मीटरवरच्या घराला पोस्टाने पत्र पाठवताना काऊंटरवरचे काका माझ्याकडे बघून हसले. ओडिशाच्या मुलांपैकी एकाचा मामा मोटर रिवाइंडिंगचं काम करायचा, त्यामुळे त्याला भाव माहीत होता. मुदत संपली. शिरूरला नेऊन मोटर भरून आणली. ४,८०० रुपये. प्रत्येक खोलीचे ३००. एक तारखेला सोळाही क्यूआर कोडवर ३०० रुपये कमी गेले, आणि प्रत्येकाने बिलाचा फोटो जोडला.

दादा आले, जिन्यात उभे राहून मोठ्याने बोलले. ज्याला पटत नाही त्याने खोली सोडावी, उद्या दुसरी माणसं उभी आहेत. ते खोटं नव्हतं. तीन रात्री जिन्याचे दिवे बंद होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः आले, गच्चीवर जाऊन मोटरचा आवाज ऐकला, ‘वाइंडिंग तांब्याचं घातलंय का?’ एवढंच विचारलं, आणि खाली उतरले. ३०० रुपये कुणी परत मागितले नाहीत. दिवे लागले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. व्हिडिओ मी आमच्या खोलीत बघितला. ज्या खोल्या एके काळी कुणी घेत नव्हतं, त्यांत जी माणसं टिकून राहिली त्यांची पणतवंडं आता मालक झाली. रूममेटने हिशेब केला की शंभर वर्षं म्हणजे अकरा महिन्यांचे एकशे नऊ करार. मग तिने विचारलं, दर वेळी पाच टक्क्यांनी वाढवलं तर भाडं किती होईल? मोबाईलवर उत्तर काढलं आणि आम्ही हसलो.

आमचा करार ऑक्टोबरात संपला. सोळापैकी सहा खोल्या तोवर बदलल्या होत्या, ‘टाकी’ ग्रुपमधून बरेच जण बाहेर पडले होते. नोंदणीवाला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन खोलीतच येतो. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मी शेवटपर्यंत वाचते हे दादांना आता माहीत आहे, त्यामुळे ते दारातच उभे होते. नवव्या क्रमांकाला नवीन ओळ होती, पाण्याच्या मोटरची देखभाल व दुरुस्ती लायसन्सीकडे राहील. मी म्हटलं, ही काढा. दादा म्हणाले, ‘सगळ्यांच्या करारात टाकलीय.’ मी म्हटलं, मग लायसन्सी एकटी नको, सोळा खोल्यांत समान वाटून असं लिहा, आणि टाकीचं झाकण तुमच्याकडे. एजंटने दोघांकडे बघितलं, त्याला अजून तीन घरं करायची होती. दादांनी फोनवर काकांना विचारलं. मग एजंटने ओळ बदलली, झाकण मालकाकडे, आणि मशीन माझ्यापुढे केलं.

झाकण अजून आलेलं नाही. तोवर आम्ही टाकीवर फ्लेक्स बांधलाय.